जर्मन रणगाड्यांची हजेरी

भीमराज साहेबराव ओव्हाळ हा आमच्या पॅटर्न शॉपमधला सगळ्यात चांगला हात होता, आणि सात वर्षं तो आमच्या पॅटर्न शॉपमध्ये नव्हता. वाचणाऱ्याला वाटेल, कोंडाजी सस्ते म्हातारा झाला, काहीबाही लिहायला लागला. पण हे असंच होतं, आणि त्याचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. राग कुणाकुणाचा, ते पुढं येईलच. त्यात माझंही नाव आहे.

चिंचवडच्या एका फाउंड्रीत मी कायम कामगार होतो. गाव मोशी. सायकलवर टांग मारायची आणि यायचं. आमचं काम लाकडाचं. पोलादाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो. त्याला पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबून अलगद काढला की साचा तयार. भीमराज बहात्तरच्या दुष्काळात बायकोला, कस्तुराला, घेऊन करमाळ्याकडून आला आणि बदली कामगार म्हणून लागला. बदली म्हणजे काय, तर कायमच्या माणसानं दांडी मारली की त्या दिवसापुरता त्याच्या जागी उभा राहणारा. सकाळी गेटवर टाइमकीपर गैरहजरांची नावं पुकारायचा, आणि एकेका नावाला एकेक बदलीवाला पुढं व्हायचा. आमच्याकडे दांडी मारणाऱ्यांना तोटा नव्हता. आम्ही बहुतेक आसपासच्या गावांतले शेतीवाले. कुणाची काढणी, कुणाची जत्रा, कुणाची म्हैस व्यालेली. त्यामुळे भीमराज बहुतेक रोज असायचा, पण कधी याच्या बाकावर, कधी त्याच्या.

पॅटर्नवर करणाऱ्याचा नंबर ठोकायची पद्धत होती. बदलीवाल्याला नंबर नसतो, म्हणून भीमराज ज्याच्या बाकावर असेल त्याचा नंबर ठोकायचा. सात वर्षांतलं त्याचं उत्तम काम असं आम्हा अकरा जणांच्या नावावर वाटलं गेलं होतं. साहेब लोक यायचे, एखादा पॅटर्न उचलून म्हणायचे, "वा सस्ते!" आणि मी खाली बघून हसायचो. दोनदा तर तो खरंच माझा होता.

बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस भरले की माणसाला कायम करा म्हणून हक्कानं सांगता येतं. म्हणून दोनशेतीसच्या आतबाहेर आला की बदलीवाल्याला 'ब्रेक' द्यायचे. दोन महिने घरी बस, मग ये. भीमराज सात वर्षं असाच कडेपर्यंत पोचून मागं येत होता. एकोणऐंशी साली आमच्यातले सोपानराव डिसेंबरअखेर निवृत्त होणार होते. एक जागा रिकामी होणार होती. भीमराजला ती हवी होती. दुसरं त्याला काहीसुद्धा नको होतं. आपला एक नंबर असावा आणि तो आपण केलेल्या लाकडावर ठोकावा, एवढंच.

गणपती उठले आणि पर्सोनेल मॅनेजरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. हे मेजर अर्जुनराव शितोळे. रणगाड्यांच्या रेजिमेंटमधले. पासष्टच्या लढाईत गुडघा गेला, पेन्शन घेतली आणि आमच्याकडे आले. भरती, ब्रेक, कायम करणं, काढून टाकणं, सगळं त्यांच्या सहीनं. राहायला दिघीत, मिलिटरीच्या कुंपणाला लागून, म्हणजे उठल्याबसल्या फौजेचा वारा लागावा. रविवारी त्यांचे जुने फौजी मित्र तिथं जमायचे आणि वाळूच्या टेबलावर लढाईचा खेळ खेळायचे. त्याला पोरखेळ म्हणायची सोय नव्हती. मेजरसाहेबांनी गोळी घातली असती. भीमराजला साहेबासमोर तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटायचा, म्हणून सोबतीला मी गेलो.

टेबलावर एक परदेशी पुस्तिका उघडी होती. पानभर तक्ता. वर एक चौकोन, त्याखाली दोन, त्या दोन्हींखाली चार-चार.

"ही जर्मनांची पँझर डिव्हिजन," मेजरसाहेब म्हणाले. "चव्वेचाळीस सालची. हिच्यात रणगाड्यांची एक रेजिमेंट. रेजिमेंटमध्ये दोन पलटणी. एकीकडे पँथर नावाचे रणगाडे, दुसरीकडे मार्क फोर. प्रत्येक पलटणीत चार तुकड्या. एका तुकडीत सतरा रणगाडे. मला आठही तुकड्या लाकडात करून हव्यात, एका रणगाड्याला एक ठोकळा."

"एकशेछत्तीस," भीमराज म्हणाला. आकड्यांना तो घाबरत नसे.

"शाबास. आणि थोडे जास्तीचे कर, कोरे."

भीमराजनं पान निरखलं. मग मागचं उलटलं. "पर साहेब, हितं बावीस हायत."

"ते आधीच्या वर्षीचं. तेव्हा तुकडीत बावीस असायचे."

"आन् ह्ये चौदा?"

"ते नंतरचं. रणगाडे पुरेनात, तसा तक्ता बदलत गेला."

"म्हंजी तुकडी तीच?"

"तीच."

"मग सतरा करू?"

"सतरा कर. उभे नऊच करायचेत."

"मग नऊ करू?"

"सतरा कर म्हटलं ना! कागदावर सतरा. ज्या दिवशीची लढाई मी मांडतोय, त्या दिवशी हजर नऊ."

"बाकीचे आठ?"

"दोन जळाले. पाच दुरुस्तीला. एक रेल्वेत अडकलाय."

भीमराजनं तक्त्यावर बोट टेकवलं. "जळालेले बी करायचे?"

"करायचे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी छताच्या पंख्याकडं बघत होतो. निघताना मेजरसाहेब सहज बोलून गेले, "काम नीट झालं तर सोपानच्या जागेचं बघू." भीमराजचा चेहरा उजळला आणि माझं डोकं सणकलं. सात वर्षं ज्याच्या हातच्या पॅटर्नवर पोलाद ओतलं, त्याची परीक्षा आता खेळण्यांवर घेणार! पण मी तोंड दाबून बाहेर आलो. माझा राग असाच असतो, दाराबाहेर आल्यावर चढतो.

पुढचे पंधरा दिवस भीमराजनं माझं जेवण गोड लागू दिलं नाही. डबा उघडला की तक्ता. मेजरसाहेबांनी त्याला त्या पुस्तिकेतला कागद उतरवून दिला होता. त्याला पोळीचं तेल लागू न देता तो मांडीवर पसरायचा आणि बोट फिरवायचा.

"कोंडाजीराव, मला उमगलं," एक दिवस तो म्हणाला. "तक्ता म्हंजी पॅटर्न."

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. वितळलेलं पोलाद थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न हवा त्या मापापेक्षा थोडा मोठा करतात, शंभराला दोन या हिशेबानं. दर वेळी आकडेमोड नको म्हणून आमची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचाहून चिमूटभर लांब. तिला आम्ही श्रिंकेज पट्टी म्हणायचो.

"कागदावर सतरा म्हंजी पॅटर्न," भीमराज सांगत होता. "डिव्हिजन लढाईत ओतली की आकसती. बराबर?"

"बराबर."

"पर आकसायला काय परमाण पायजेल का न्हाई? शंभराला दोन जावं. सतराचं नऊ व्हतंय म्हंजी ह्ये मटेरियल तरी कसलं म्हनायचं?"

"तू ठोकळं कर गड्या. मटेरियल जर्मन बघून घेतील."

पण त्याला चैन पडेना. रणगाड्यांवर नंबर रंगवायचे होते, त्यात त्याचे आणखी दोन दिवस गेले. जर्मनांची रीत त्याला फार आवडली. पहिला आकडा तुकडीचा, दुसरा तिच्यातल्या टोळीचा, तिसरा त्या रणगाड्याचा. पाचशेतेवीस म्हणजे पाचवी तुकडी, दुसरी टोळी, तिसरा गडी. "आकडा बघितला की घर कळतंय बघा," तो कौतुकानं म्हणायचा. पण तुकडीच्या म्होरक्याला पाचशेएक, त्याच्या जोडीदाराला पाचशेदोन, आणि त्यानंतर एकदम पाचशेअकरा. मधले आठ नंबर कुणी खाल्ले, हे त्याला कळेना. तसे नंबर नसतातच, असं मेजरसाहेबांनी सांगितलं. "नसतात कसे? मोजताना तर मधी येत्यात," असं तो मला म्हणाला. मला स्वतःलाच त्या आठांची काळजी वाटायला लागली होती.

ठोकळे तो घरी करायचा, पिंपरीच्या खोलीत. रंधा मारून झाला की कस्तुरा पॉलिश पेपरनं घासायची. मी एकदा गेलो तेव्हा ती दोघं ढिगाऱ्यात बसली होती.

"ह्या गाड्या कुणाच्या म्हनायच्या, भाऊजी?" तिनं मला विचारलं.

"जर्मनांच्या."

"ते आपल्यावर चालून आलते का?"

"न्हाई बा."

"मग आपण कशापायी घासतोय?"

भीमराज म्हणाला, "सोपानरावाच्या जागंपायी." ती हसली नाही. ती पुन्हा घासायला लागली, आणि मला उगाच घरी जावंसं वाटलं.

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही दोघं पोतं घेऊन दिघीला गेलो. मेजरसाहेबांनी आळंदीच्या सुताराकडून कप्प्यांचा खोका आधीच करून घेतला होता. एका ओळीत सतरा ठोकळे बरोबर बसावेत, असं माप. दोन सेंटिमीटरचा एक ठोकळा. भीमराजनं पहिली ओळ लावायला घेतली. सोळा बसले. सतरावा बसेना. त्यानं रेटून बघितला. दुसरी ओळ लावली. पुन्हा सोळा. आठही ओळींत एकेक ठोकळा बाहेर.

मेजरसाहेबांनी खिशातून पट्टी काढली, ठोकळा मोजला. "हा दोनहून मोठा आहे."

भीमराजनं आपली पट्टी काढून लावली. "दोनच हाय साहेब." आणि मग त्याच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. तो आयुष्यात एकाच पट्टीनं मोजत आला होता. आकसणाऱ्या पोलादाच्या पट्टीनं त्यानं जर्मनांचे न आकसणारे ठोकळे केले होते. शंभराला दोन असे सतरा वेळा वाढले की शेवटच्याला जागा कुठून राहणार?

त्याचं तोंड पार उतरलं. "साहेब, मी सगळं पुन्हा घासतो," तो म्हणाला. "चार दिस द्या." मला कळत होतं, त्याला समोर ठोकळे दिसत नव्हते, सोपानरावांची जागा हातातून जाताना दिसत होती.

मेजरसाहेब मात्र मोठ्यानं हसले. "राहू दे रे. एक दुरुस्तीला गेलाय असं समजू. कुठल्याही तुकडीत एक दुरुस्तीला असतोच." हसणं बरं होतं, पण त्यात जागेबद्दल काही नव्हतं. भीमराजला ते दुरुस्तीचं खरं मानायचं की थट्टा, तेही कळलं नाही.

तेवढ्यात खेळणारे आले. त्यांच्यात पांढऱ्या मिशांचे एक कर्नल होते. वाळूच्या टेबलावर फ्रान्समधलं गाव मांडलेलं, झाडांच्या जागी वाळलेलं शेवाळ. ठोकळे हलवायला भीमराज थांबला, आणि परतायला सायकल एकच म्हणून मीही. मेजरसाहेब कागद बघून सांगत गेले आणि तो मांडत गेला. पाचवी तुकडी नऊ. सहावी सात. सातवी अकरा. शेवटी मेजरसाहेबांनी चार कोरे ठोकळे उचलून सातवीच्या शेजारी ठेवले.

"हे कुठले?" कर्नलनी विचारलं. "तुमच्या तक्त्यात हे कुठंच नाहीत."

मेजरसाहेब याचीच वाट बघत असावेत. "इथंच सगळे चुकतात. खेळ मांडायला बसतात, तक्ता उघडतात आणि तक्त्यात आहे तेवढं सैन्य टेबलावर ठेवतात. तक्ता लढत नाही, कर्नल. त्या सकाळी मैदानात कोण होतं, ते शोधायला लागतं. मी सहा महिने रोजचे अहवाल ताडून बघितलेत. हे चार दुसऱ्या डिव्हिजनचे. जोडून दिलेले. ते इथं लढले म्हणजे लढले."

भीमराज टेबलावर वाकून त्या चार ठोकळ्यांकडे बघत होता. मग तो, साहेबासमोर घाम फुटणारा भीमराज, आपणहून बोलला.

"साहेब, ह्ये चार कुणाच्या हजेरीत?"

"त्यांच्या मूळ डिव्हिजनच्या."

"ती कुटं हाय?"

"ती आधीच संपली. एवढेच उरले."

"म्हंजी त्यांची हजेरी कुणीच घेत न्हाई?"

"कागदावर, नाही."

"पर लढत्यात ह्यांच्यासंगं."

"रोज."

"आन् तुमी त्यांना मोजता."

"मोजायलाच हवं. नाही मोजलं तर माझा सगळा खेळ खोटा."

भीमराजनं कपाळ चोळलं. "मग मला एक कळंना झालंय साहेब. आपल्या फाउंड्रीचा तक्ता कोण करतं?"

आजवर मी ही गोष्ट अनेकांना सांगितली. सगळे म्हणतात, काय हाणली साहेबाला! पण त्यानं हाणली नव्हती. मी त्याचं तोंड बघत होतो. त्यात टोमण्याचा लवलेश नव्हता. त्याला खरोखर प्रश्न पडला होता. पस्तीस वर्षांपूर्वी परक्या मुलखात कोण हजर होतं, हे एवढं खोदून काढणारा माणूस असताना आपल्या शॉपचा कागद असा कसा, हे त्याला कळत नव्हतं.

कर्नल मिशीत हसायला लागले आणि मेजरसाहेबांकडे बघून थांबले. मेजरसाहेबांनी एक ठोकळा उचलला, पुन्हा तिथंच ठेवला. मग म्हणाले, "उद्या केबिनमध्ये ये." दिघीहून येताना भीमराज सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसून एकच विचारत होता, "माझं काय चुकलं, कोंडाजीराव?"

दुसऱ्या दिवशी तो केबिनमध्ये गेला तेव्हा मी दारातच होतो. मेजरसाहेबांनी बदलीचं रजिस्टर काढून ठेवलं होतं. बारा महिन्यांत दोनशेअठ्ठावीस दिवस. बारा कमी.

"दोनशेचाळीस दाखव, पुढचं मी बघतो," ते म्हणाले. त्यांनी एका कोऱ्या कागदावर रेघा मारून रकाने पाडले. तारीख, काम, कुणाच्या जागी, सही. "रजिस्टरच्या बाहेरही तुम्ही लोक काय काय करता, ते मला ऐकून माहीत आहे. असा एखादा दिवस असेल तर ज्याच्या जागी उभा होतास त्याची सही आण. आठवड्याची मुदत."

आता माझं सांगतो. त्या वर्षी मार्चात भीमराजचा ब्रेक सुरू होता आणि माझा कांदा काढणीला आला होता. रजा संपलेली. मी त्याला म्हणालो, माझं हजेरीचं कार्ड घे, पंच कर, माझ्या बाकावर बस. फोरमन काणाडोळा करायचा. काम झाल्याशी त्याला मतलब. तेरा दिवस मी मोशीत कांदा काढला आणि कागदावर मी चिंचवडला होतो. भीमराज चिंचवडला होता आणि कागदावर घरी. त्या दिवसांचा पगार मी त्याच्या हातात दिला, त्यात माझा मोठेपणा काही नाही. तेरा दिवस. त्याला हवे होते बारा.

सही केली असती तर उघड होतं की कार्ड माझं आणि पंच दुसऱ्याचा. त्यात नोकरी जाते. मी मनाशी म्हणालो, यात भीमराजसुद्धा अडकेल, त्याच्याच भल्यासाठी गप्प बसावं. स्वतःची समजूत घालायला माणसाला वकील लागत नाही.

चार दिवस भीमराज तो कागद घडी करून खिशात घेऊन फिरला. माझ्याजवळ येऊन बसायचा, कागद काढायचा नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "दोनशेअठ्ठावीसच हायत, कोंडाजीराव."

"मग तेवढेच असत्याल," मी म्हणालो.

"मला उगं जादा वाटत व्हते. मोजण्यात माझंच चुकलं असंल."

त्याला खरंच तसं वाटत होतं, की तो मला मोकळं करत होता? मला आजवर कळलेलं नाही. ज्याला एकशेछत्तीस तोंडी येतात तो तेरा दिवस विसरतो का? पण ज्यानं सात वर्षं दुसऱ्याच्या नंबरावर काम केलं, त्याला आपले दिवस आपले वाटतात का? माझं मीच उत्तर देतो आणि माझं मीच खोडतो.

त्या संध्याकाळी मी घरी भांडण उकरून काढलं. भाजी आळणी आहे म्हणून. माझी बायको छबूबाई मला चांगली ओळखते. तिनं मीठ पुढं सरकवलं आणि विचारलं, "काय झालंय?" मी सांगितलं. सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "त्यो तुमच्या नावानं तेरा दिस राबला. आन् तुमी त्याच्या नावानं एक सही करत न्हाई व्हय?"

मला इतकी लाज वाटली की ताट तसंच राहिलं.

सकाळी मी थेट केबिनमध्ये गेलो आणि मेजरसाहेबांसमोर तेरा ओळी लिहिल्या, तेरा सह्या केल्या. त्यांनी वाचलं. रागानं लाल झाले. "तुला काढून टाकता येतं सस्ते, माहीत आहे?"

"म्हायती हाय."

"आणि त्यालाही."

"त्याला न्हाई साहेब. कार्ड माजं. त्यो म्हनला नव्हता, म्या म्हनलो."

ते खिडकीशी गेले, गुडघा धरून उभे राहिले. "मार्चमध्ये माझ्याच शॉपमध्ये कोण होतं, हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. हे ते मला म्हणाले की स्वतःला, कोण जाणे. मग परत येऊन बेरीज केली. दोनशेएकेचाळीस.

मला चार्जशीट मिळाली आणि जानेवारीचा महिनाभर सस्पेन्शन. नोकरी वाचली ती त्यांच्यामुळे, हेही मान्य केलं पाहिजे. भीमराजला दोन पत्रं आली. एकात ताकीद, दुसऱ्यात एक जानेवारीपासून कायम. तो दोन्ही घेऊन माझ्याकडे आला. "ह्यातलं पयलं कुठलं धरायचं? एकात म्हनत्यात तू आत आलासच कसा, आन् दुसऱ्यात म्हनत्यात आत ये." मी दोन्ही वाचली. मी त्याला मिठी मारली, तेवढंच मला सुचलं.

माझा सस्पेन्शनचा पहिला दिवस आणि त्याचा कायमचा पहिला दिवस एकच होता. मी मोशीला नदीकाठच्या वाफ्यात कांद्याची रोपं लावत होतो. पहिली शिफ्ट सुटल्यावर तो सायकल मारत आला. अंगात कंपनीचा नवा कोरा डांगरी ड्रेस, छातीवर नंबराचा बिल्ला. मी हात पुसून उठलो, पण त्याच्या तोंडावर आनंद काही दिसेना. तो बांधावर बसला.

"गेटवर टाइमकीपरनं पुकारलं, कोंडाजी सस्ते, गैरहजर," तो सांगायला लागला. "आन् मी झालो की पुढं."

"आरं येड्या!"

"त्यो म्हनला, तू कुटं निघालास? तुझं नाव आत लागलंय. तू हजर हायस."

मी हसायला लागलो आणि मला भरून आलं. त्याचेही डोळे भरले होते. मला वाटलं, सुखानं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तसं न्हाई कोंडाजीराव," तो म्हणाला. "माझ्या मागं एक माणूस हुबा हुता. तुमच्या जागंवर त्याला घेतलं. दिसभर माझ्या शेजारच्या बाकावर हुता. माझ्याकडनं दोनदा पटाशी मागून न्हेली. सुट्टीत माझ्यासंगं भाकर खाल्ली. आन् सुटल्यावर निम्म्या वाटंत ध्यानात आलं, त्याचं नाव म्या इचारलंच न्हाई. सात वर्सं मी तितं हुबा हुतो. आन् एका दिसात असं कसं झालं माझ्याकडनं?"

सात वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा माझ्या शेजारच्या बाकावर आला, तेव्हा मी त्याचं नाव कधी विचारलं होतं, ते मी आठवत होतो, आणि मला आठवत नव्हतं.